टिक मारण्याआधी: बडोद्यातल्या सीए फर्ममध्ये उन्हाळी इंटर्नशिप

२०२४ च्या मे महिन्यात, एस.वाय.बी.कॉम.ची परीक्षा आटोपून मी अलकापुरीतल्या एका सीए फर्ममध्ये इंटर्नशिपला लागले. तिसऱ्या दिवशी सिनियरनं एक बॉक्स फाईल समोर ठेवली. "मार्चचे खर्च आहेत, व्हाऊच कर." म्हणजे प्रत्येक खर्चाची नोंद तिच्या बिलाशी ताडून बघायची. संध्याकाळपर्यंत दोनेकशे व्हाऊचरांवर (खर्चाच्या नोंदीचे कागद) हिरव्या पेनानं टिका मारून मी फाईल परत केली. स्वतःवरच खूश होते. त्यानं मधलंच एक पान उघडलं आणि विचारलं, "हे बिल पाहिलंस?"

बिल नव्हतंच. व्हाऊचरला एक स्टेपलरची पिन होती आणि पिनेत अडकलेला कागदाचा फाटका कोपरा. त्याच्या शेजारी माझी टिक.

तो ओरडला नाही. "टिक म्हणजे 'मी पाहिलं' असं तू मला लेखी देतेस," एवढंच म्हणाला आणि अख्खी फाईल पुन्हा करायला लावली. पुढचं सगळं मी त्या दुसऱ्या फेरीपासून शिकले. यंदा जे जाणार आहेत त्यांनी निदान पहिली फेरी वाया घालवू नये, म्हणून हे लिहितेय.

जागा कधी मागायची

फेब्रुवारीत. परीक्षा संपल्यावर बघू म्हणाल तर उशीर होतो. मार्चअखेरीला फर्ममध्ये कुणाला मान वर करायला वेळ नसतो आणि एप्रिल उजाडला की बँकांच्या शाखांचं ऑडिट सुरू होतं. निम्मी माणसं कुठल्या कुठल्या गावात असतात. त्या दिवसांत तुमचा ईमेल कुणी उघडणार नाही. पण जादा हातांची गरज खरी लागते ती मेमध्ये. ३१ मेपर्यंत शेवटच्या तिमाहीचं टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) रिटर्न, १५ जूनपर्यंत पगारदारांचे फॉर्म सोळा (पगारातून कापलेल्या कराचा दाखला), त्यातच अॅडव्हान्स टॅक्सचा (आगाऊ भरायच्या कराचा) पहिला हप्ता, आणि मग ३१ जुलैच्या तारखेकडे डोळे लावून बसलेली आयकर रिटर्नं. फेब्रुवारीत भेटून "मे-जून मोकळी आहे" असं सांगून ठेवलंत तर एप्रिलच्या शेवटी फोन येतो.

मोठ्या नावांच्या मागे लागायचं की आपल्या ओळखीतल्या, आठ-दहा माणसांच्या फर्ममध्ये जायचं? माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या उन्हाळ्यात लहान फर्म. मोठ्या ठिकाणी तुमच्या वाट्याला एका कामाची एक फोड येते. लहान ठिकाणी सकाळी जीएसटी, दुपारी कुणाचं तरी बँकेचं पत्र, संध्याकाळी टीडीएसचं चलन. कॉफी मशीन मिळणार नाही, चहा खालच्या टपरीवरून येईल.

एक गैरसमज आधीच काढून टाका. ही आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्यासाठीचं सक्तीचं प्रशिक्षण, नव्हे. आर्टिकलशिप सीए इंटरमिजिएटनंतर, सीएंच्या संस्थेकडे रीतसर नोंदणी करून होते आणि जुलै २०२३ पासून ती दोन वर्षांची झाली आहे. उन्हाळ्याचे सहा आठवडे त्यात धरले जात नाहीत. स्टायपेंडचा किमान आकडाही आर्टिकल्ससाठी (आर्टिकलशिप करणाऱ्यांसाठी) ठरलेला असतो, आपल्यासाठी नाही. म्हणून पैशाचं पहिल्याच भेटीत विचारा. मी लाजेनं विचारलं नाही आणि पहिला महिना संपेपर्यंत रोज रात्री आईच विचारत राहिली. तेव्हाच वेळेचं, लॅपटॉप स्वतःचा आणायचा का, आणि क्लायंटकडे जायचं पेट्रोल कोण देणार, हेही विचारून घ्या. कुणाला राग येत नाही.

जाण्याआधीचे पंधरा दिवस

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा महागडा कोर्स लावायची गरज नाही. कीबोर्डवर एफ४ कॉन्ट्रा (बँक आणि रोखीतली अदलाबदल), एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स, एफ९ पर्चेस. एवढं बोटांत बसलं आणि ऑल्ट-एफ२ नं कालावधी बदलता आला की पहिला आठवडा निभतो. एक्सेलमध्ये फिल्टर, पिव्होट, व्हीलुकअप, आणि मजकूर म्हणून साठलेल्या आकड्याचा खराखुरा आकडा कसा करायचा ते. या शेवटच्या गोष्टीनं माझे जितके तास खाल्ले तितके बाकी कशानंच नाही.

मग पॅन आणि जीएसटी नंबर वाचायला शिका. पॅनचं चौथं अक्षर सांगतं की समोर कोण आहे: पी म्हणजे व्यक्ती, सी कंपनी, एफ भागीदारी, एच हिंदू अविभक्त कुटुंब, टी ट्रस्ट. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं म्हणजे तोच पॅन. २४ म्हणजे गुजरात, २७ महाराष्ट्र, २३ मध्य प्रदेश. भिवंडीच्या व्यापाऱ्यानं मकरपुऱ्याच्या कारखान्याला माल पाठवला आणि बिलावर आयजीएसटीऐवजी (दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा कर) सीजीएसटी-एसजीएसटी (एकाच राज्यातल्या विक्रीवरचा) दिसला की थांबायचं. पण त्या कारखान्याचा मालक मुंबईत हॉटेलात राहिला असेल तर तिथं सीजीएसटी-एसजीएसटीच बरोबर. फक्त त्याचं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) गुजरातच्या नोंदणीत मिळत नाही. दोन्ही ठिकाणी सुरुवात नंबराच्या त्या पहिल्या दोन आकड्यांपासूनच होते.

कलमांचे क्रमांक मात्र पाठ करत बसू नका. मी शिकले ते १९६१ च्या आयकर कायद्याचे आकडे होते. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा आला, आणि माझी घोकंपट्टी रद्दीत गेली. नियम कशासाठी आहे ते कळलं असेल तर क्रमांक शोधून काढता येतो.

आणि आपल्या बडोद्यातल्या मराठी मुलांसाठी खास: गुजराती हिशेबाचे शब्द. बोलायला आपल्याला गुजराती येतं, दांडिया बाजारात वाढलेल्या कुणाला येत नाही? पण आपण कॉमर्स शिकलो इंग्रजीत. कारखान्यातले जुने मेहताजी (हिशेबनीस) "काचुं सरवैयुं काढून देतो" म्हणाले तेव्हा मी नुसती मान हलवली. काचुं सरवैयुं म्हणजे ट्रायल बॅलन्स, पाकुं सरवैयुं म्हणजे बॅलन्स शीट, आमनोंध म्हणजे जर्नल एंट्री, रोजमेळ म्हणजे कॅश बुक. घरी हे सांगितलं तर आजोबा हसले. त्यांच्या तोंडी तेरीज, ताळेबंद, रोजकीर्द. म्हणजे दोन्ही भाषांत शब्द होते, माझ्याकडेच एकही नव्हता. हातानं लिहिलेल्या पावत्यांवर आकडेही गुजराती असतात. त्यातला पाच आपल्या 'प' अक्षरासारखा दिसतो. टेम्पोवाल्याच्या चिठ्ठीवरचा असा पाच मी 'प' समजून, 'पावती'चा असेल म्हणून सोडून दिला होता. रक्कम पाचशेनं चुकली.

व्हाऊचिंग: इथं घाई करू नका

पहिले तीन आठवडे तुम्हाला हेच देणार. ज्यांना वाटतं की हे कारकुनी काम आहे, त्यांना ते तसंच दिसत राहतं. खरं तर प्रत्येक व्हाऊचर म्हणजे कुणीतरी कुणाला तरी का पैसे दिले याची गोष्ट असते, आणि ती पटते का, हे तुम्हाला विचारलेलं असतं.

दुसऱ्या फेरीत सिनियरनं माझ्या शेजारी खुर्ची ओढली आणि पहिली वीस व्हाऊचरं माझ्यासोबत केली. त्याची पद्धत अशी. आधी टॅलीतली नोंद बघायचीच नाही. बिल हातात घ्यायचं आणि स्वतःला विचारायचं: ही नोंद मी केली असती तर कुठल्या खात्यात, किती, कुठल्या तारखेला? मग टॅली उघडायचं. उलट केलं की डोळे नोंदीला होकार द्यायलाच बसलेले असतात.

बिल कुणाच्या नावावर आहे ते वाचा. आमच्या फाईलीत विजेचं एक बिल मालकाच्या भावाच्या घराचं निघालं. पत्ता कारेलीबागेतला, कारखाना मकरपुऱ्यात. तारीख वाचा: ३ एप्रिलचं बिल मार्चच्या खर्चात असेल तर माल किंवा काम कधी मिळालं ते विचारा; मार्चमध्येच मिळालं असेल तर नोंद बरोबरही असू शकते. खातं बघा. 'रिपेअर्स'मध्ये ४२,००० रुपयांची रक्कम होती, बिलावर दीड टनाचा नवा एसी. तो खर्च नव्हे, मालमत्ता. अशी एक सापडली की 'रिपेअर्स'चं अख्खं लेजर (खात्याचा उतारा) मोठ्या रकमेपासून खाली वाचून काढायचं.

रोखीची व्हाऊचरं वेगळी काढा. एका दिवसात एका माणसाला १०,००० रुपयांच्या वर रोख दिले तर तो खर्च आयकरात धरला जात नाही. मालवाहतूकदारांसाठी ही मर्यादा ३५,००० आहे. म्हणून ९,५०० ची दोन व्हाऊचरं, त्याच दिवशी, त्याच माणसाच्या नावानं दिसली तर ती शेजारी शेजारी ठेवून बघा. सुटी सुटी बघितली तर दोन्ही निर्दोष वाटतात.

टीडीएसचंही तसंच. रंगकाम करणाऱ्या कंत्राटदाराची २८,००० ची चार बिलं होती. एका बिलाला ३०,००० ची मर्यादा आहे, त्यामुळे प्रत्येक बिल सुटतं. पण वर्षाची मर्यादा १ लाख, आणि चार बिलांचे होतात १,१२,०००. मी बिलामागून बिल बघत गेले आणि चारही टिका मारल्या. नावानुसार फिल्टर लावला असता तर दोन मिनिटांत दिसलं असतं. व्हाऊचर उभं वाचायचं आणि लेजर आडवं, असं आमच्याकडे म्हणत. उभं-आडवं उलटंही असेल, पण मुद्दा लक्षात राहिला.

आता खुणांबद्दल. टिक फक्त जे पूर्ण पाहिलं त्यालाच. बिल नसेल तर टिकेऐवजी गोल, आणि शेजारच्या रकान्यात तीन-चार शब्द: "बिल नाही", "बिल भावाच्या नावे", "सही नाही". 'क्वेरी' असं नुसतं लिहू नका. आठ दिवसांनी कसली क्वेरी ते तुम्हालाच आठवत नाही. आणि माझ्या शीटमध्ये मी एक रकाना वाढवला, तो तुम्हीही वाढवा: 'पाहिलं नाही'. फाईल अर्धी राहिली, एका महिन्याचं बॉक्स मिळालंच नाही, वेळ संपला, असं सगळं त्यात. सुरुवातीला वाटलं, आपणच आपला आळस कशाला लिहून द्यायचा. प्रत्यक्षात सिनियर माझी शीट हातात घेतली की आधी तोच रकाना वाचायचा, आणि त्याला बाकीचं पुन्हा तपासावं लागायचं नाही.

जीएसटीची जुळवाजुळव

पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत विकणारा आपली विक्री पोर्टलवर भरतो, १४ तारखेला खरेदी करणाऱ्याचं जीएसटीआर-२बी (विकणाऱ्यांनी भरलेल्या बिलांवरून त्याला मिळू शकणाऱ्या क्रेडिटची यादी) तयार होतं, आणि २० तारखेपर्यंत त्याला आपलं ३बी (महिन्याच्या कराचं रिटर्न) भरायचं असतं. म्हणजे मधले पाच-सहा दिवस. या दिवसांत सुट्टी मागू नका, लग्नकार्य असलं तरी.

काम असं: क्लायंटच्या टॅलीतली खरेदी एका बाजूला, २बी दुसऱ्या बाजूला. जे दोन्हीकडे आहे त्याचं क्रेडिट मिळणार. बिल क्रमांकावर व्हीलुकअप लावाल तर निम्म्याहून जास्त ओळी जुळणार नाहीत, कारण विकणाऱ्यानं 'जीटी/००४५/२४-२५' भरलेलं असतं आणि आपल्या अकाउंटंटनं नुसतं '४५'. घाबरू नका. आधी जीएसटी नंबर आणि करपात्र रक्कम जोडून एक रकाना करा आणि त्यावर जुळवा. मग उरलेल्यांत रुपया-दोन रुपयांच्या फरकाचे वेगळे काढा. जे तरीही राहतात तेच खरं काम: कुणी तिमाही रिटर्न भरणारा आहे, कुणी चुकून दुसऱ्याच नंबरावर बिल चढवलंय, कुणी भरलंच नाही. अशा व्यापाऱ्याला फोन करायची पाळी इंटर्नवर येते. "भाई, मे महिन्याचं बिल दिसत नाही" हे वाक्य मी जूनमध्ये इतक्या वेळा बोलले की माझा धाकटा भाऊ घरी नक्कल करायचा.

क्लायंटच्या टॅलीत स्वतः काही दुरुस्त करू नका, चूक कितीही उघड असली तरी. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद राहते. ऑडिट करायला आलेल्या मुलीनंच नोंद बदलली, हे त्या लॉगमध्ये वाचायला कुणालाही आवडणार नाही.

कारखान्यात

एकदा तरी स्टॉक मोजायला पाठवतील. नाही पाठवलं तर मागून घ्या. आम्ही मेअखेरीला मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) ट्रान्सफॉर्मरचे भाग करणाऱ्या एका कारखान्यात गेलो, पत्र्याच्या शेडखाली, दुपारी. पाण्याची बाटली, टोपी, बंद बूट न्या. सँडलमध्ये मला दारावरच अडवलं. जेवायच्या सुट्टीत तिथल्या बेननी छास दिली ती नाही म्हणू नका.

ताळेबंद ३१ मार्चचा आणि मोजणी मेमधली, मग उपयोग काय? आज मोजलेल्या मालात मधल्या दिवसांत गेलेला मिळवायचा आणि आलेला वजा करायचा. ३१ मार्चला किती असायला हवा होता ते निघतं. मोजायचं दोन्ही दिशांनी. यादीतली दहा नावं घेऊन माल शोधायचा, हे सगळे करतात. मग मालाकडे जाऊन, हाताला लागेल ते उचलून, यादीत शोधायचं. पहिल्यानं कळतं की लिहिलेलं खरं आहे का, दुसऱ्यानं कळतं की खरं ते सगळं लिहिलंय का. दुसऱ्या फेरीत आम्हाला तांब्याच्या तारेची चार रिळं यादीत नसलेली सापडली. मला वाटलं, पकडलं! स्टोअरकीपरनं शांतपणे चलन दाखवलं: माल गिऱ्हाइकाचा, फक्त गुंडाळायला आलेला. जागेवर आहे पण यांचा नाही. तेव्हापासून मी "किती आहे?" च्या आधी "कुणाचं आहे?" विचारते.

विचारायचं कसं आणि बोलायचं नाही काय

सिनियरला दर दहा मिनिटांनी हाक मारू नका आणि दिवसभर अडकूनही बसू नका. शंका लिहीत जा, आणि जेवणाआधी एकदा, निघायच्या आधी एकदा, सगळ्या एकत्र विचारा. विचारताना आपला अंदाज जोडा: "हे मला मालमत्तेत जायला हवं असं वाटतं, कारण हे." अंदाज चुकला तरी उत्तर दुप्पट लांब मिळतं. आर्टिकल्सना नावापुढे भाई किंवा बेन लावतात, पार्टनरना सर किंवा मॅडम. पहिल्या दिवशी ऐका आणि तसंच करा.

जूनमध्ये पगारदारांची रिटर्नं सुरू झाली की माणसांची आयुष्यं समोर येतात: पगार, कर्ज, मुदत ठेवी. बडोद्यातलं मराठी जग लहान आहे. मला दुसऱ्याच दिवशी आमच्या गल्लीतल्या एका काकांची फाईल आली. मी सिनियरला सांगितलं की ओळखीचे आहेत, त्यानं ती दुसऱ्याला दिली. तुम्हीही तेच करा. घरी कुणाचं काम करते विचारलं तर "एका कारखान्याचं" एवढंच. क्लायंटचे पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहायचे नाहीत, कागदांचे फोटो स्वतःच्या फोनमध्ये ठेवायचे नाहीत, आणि ओटीपी आला की तो कशासाठी आहे ते समोरच्याला सांगूनच घ्यायचा.

शेवटचा आठवडा

अर्धवट कामांची एक पानी यादी करा: कुठली फाईल, कुठवर आली, कागद कुठल्या कपाटात, कुणाच्या उत्तराची वाट आहे. 'पाहिलं नाही' चा रकाना इथं जसाच्या तसा उतरवता येतो. पेन ड्राइव्ह परत करा, ग्रुपमधल्या फाईली फोनमधून काढा. कॉलेजला लॉगबुक लागत असेल तर ते रोज भरा. शेवटच्या रात्री तीस दिवस आठवत नाहीत, मी प्रयत्न केला आहे.

प्रमाणपत्राचा मसुदा बहुतेक ठिकाणी तुम्हालाच टाइप करायला सांगतात. नाव, कॉलेज, कामाचं स्वरूप, तारखा. मी शेवटच्या दिवशी, निघायच्या गडबडीत, लेटरहेडवर प्रिंट काढून सरांच्या टेबलावर ठेवलं आणि सही होईल म्हणून तिथंच उभी राहिले. सरांनी पेनाचं टोपण काढलं, पहिल्या ओळीपासून सावकाश वाचायला लागले, आणि दुसऱ्या परिच्छेदात "२० मे ते ३१ जून" मधल्या ३१ भोवती गोल करून कागद माझ्याकडे परत सरकवला.